जुनाट कंबरदुखीत दमसास मोजायचा कसा? सायकलवर एक आकडा, ट्रेडमिलवर दुसरा

भांडुप_फिजिओ

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाट कंबरदुखीच्या पेशंटची एरोबिक क्षमता, म्हणजे दमसास, मोजण्याबद्दल आहे. क्लिनिक साडेतीनशे चौरस फुटांचं. साधनं अशी: घरगुती मोटरवाली ट्रेडमिल (चढ 'लेव्हल'मध्ये दाखवते), उभी चुंबकीय सायकल (१ ते ८ लेव्हल, वॅट दाखवत नाही), छातीला बांधायचा हार्ट रेटचा पट्टा, बीपीचं यंत्र आणि दाराबाहेर इमारतीचा १२ मीटरचा पॅसेज. सहा मिनिटांच्या चालण्यासाठी लागणारी ३० मीटरची सरळ जागा मिळणं शक्य नाही.

पेशंट ४५ वर्षांच्या बाई, वजन ६४ किलो, बसून काम. दोन वर्षांपासून कंबर दुखते. पायात कळ उतरत नाही, मुंग्या नाहीत. बीपी १२८/८२, बसल्या जागी ठोके ७८, हृदयाची तक्रार नाही.

सायकलवर आस्ट्रांड पद्धतीने (ठरावीक भाराला किती ठोके लागतात त्यावरून दमसासाचा अंदाज) ६ मिनिटांची टेस्ट घेतली. चौथ्या मिनिटाला कंबर १० पैकी ३ वरून ६ वर गेली, मांड्या भरून आल्या, थांबवावी लागली. तेव्हाच्या ठोक्यांवरून व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा) आकडा आला २१ मिली प्रति किलो प्रति मिनिट. चार दिवसांनी ट्रेडमिलवर एबेलिंगची एकाच टप्प्याची टेस्ट घेतली, ताशी ४ किमी, चढ ५. ती पूर्ण झाली, शेवटी ठोके १३२, सूत्राने आकडा आला २६.८.

१. यातला कोणता धरायचा?
२. दुखण्यामुळे अर्धवट राहिलेल्या टेस्टचं काय करायचं?
३. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजून सुधारणा दाखवायची आहे. त्यासाठी कोणती टेस्ट घ्यावी?

---

दमसास

सायकलचा आकडा खोडून टाका. तो आस्ट्रांडचा आकडाच नाही.

आस्ट्रांड-रिमिंगचा १९५४ चा तक्ता एका ठरावीक भारावर उभा आहे. घर्षणावर चालणाऱ्या मोनार्क सायकलवर पेडलच्या एका फेरीत चाकाचा काठ ६ मीटर सरकतो. १ किलोचा ताण लावून मिनिटाला ५० फेऱ्या मारल्या की ३०० किलोग्रॅम-मीटर प्रति मिनिट, म्हणजे साधारण ५० वॅट. हा भार माहीत असेल तरच ठोक्यांवरून ऑक्सिजनचा अंदाज काढता येतो. तुमच्या सायकलची 'लेव्हल ४' म्हणजे किती वॅट, हे बनवणाऱ्यालाही नीट सांगता येणार नाही, शिवाय चुंबकीय सायकलवर पेडलचा वेग बदलला की भारही बदलतो. दुसरी अट स्थिर ठोक्यांची. पाचव्या आणि सहाव्या मिनिटाच्या ठोक्यांत ५ पेक्षा जास्त फरक नको आणि ते १२५ ते १७० च्या मध्ये हवेत. चौथ्या मिनिटाला थांबलं की ठोके अजून चढतच असतात. तिसरं, वयाचा गुणक लावला होता का? ४५ व्या वर्षी तो ०.७८ आहे. तो विसरला तर आकडा फुगतो.

पण समजा भार बरोबर होता आणि सहा मिनिटं पूर्ण झाली. तरीही सायकलचा आकडा ट्रेडमिलपेक्षा कमीच आला असता. सायकलची सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या हृदय आणि फुप्फुसांच्या आधी हरतात. मुंबईत रोज सायकल चालवणारी प्रौढ माणसं थोडी, पण जिने चढणारी आणि स्टेशनपर्यंत भराभर चालणारी घरोघरी. म्हणून सायकलवर १० ते २० टक्के कमी येणं हा आजार समजू नका.

आता ट्रेडमिल. २६.८ हा आकडा वापरता येईल, पण आधी यंत्र तपासा. घरगुती ट्रेडमिलवर दोन गोष्टी हमखास खोट्या निघतात.

वेग: पट्ट्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टीची खूण करा. पट्ट्याची पूर्ण लांबी टेपने मोजा. मग त्यावर माणूस चालत असताना २० फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. पट्टा ३.२ मीटरचा असेल आणि २० फेऱ्यांना ५७.६ सेकंद लागले, तर ६४ भागिले ५७.६ म्हणजे सेकंदाला १.११ मीटर, ताशी बरोबर ४ किमी. रिकाम्या ट्रेडमिलवर मोजून उपयोग नाही. पाऊल पडलं की हलकी मोटर दबते आणि जड माणसाखाली पट्टा रेंगाळतो. पडद्यावर ४.० दिसत असताना खरा वेग ३.६ निघाला तर अख्खी टेस्ट चुकली.

चढ: 'लेव्हल ५' म्हणजे ५ टक्के असं गृहीत धरू नका. ५ टक्के म्हणजे १०० सेंटिमीटर आडव्या अंतरात ५ सेंटिमीटर उंची. सुताराची पाणसळ आणि मीटरची पट्टी घ्या. पट्टीचं वरचं टोक डेकवर टेकवा, खालचं टोक उचलून पट्टी समपातळीत आणा आणि त्या टोकाखालची फट मोजा. ५ सेंटिमीटर भरली तर ५ टक्के. भरली नाही तर ज्या लेव्हलला ती भरते तिथे मार्करने खूण करून ठेवा.

एबेलिंगचं सूत्र पडताळून पाहणाऱ्यांसाठी: १५.१ + (२१.८ × वेग) − (०.३२७ × ठोके) − (०.२६३ × वेग × वय) + (०.००५०४ × ठोके × वय), आणि पुरुष असेल तर अधिक ५.९८. वेग मैलात हवा. किमीचा आकडा १.६०९ ने भागायचा. इथे वेग २.५ धरून २६.८ बरोबर येतो. हे सूत्र २० ते ५९ वर्षांच्या निरोगी माणसांवर बांधलेलं आहे. ६८ वर्षांच्या आजोबांना ते लावू नका.

---

एल४_एल५

वरचं गणित बरोबर आहे. पण यंत्र निवडायची पायरी त्याच्या आधीची, आणि ती या प्रश्नात सुटली आहे. कंबरदुखीत टेस्ट निवडायची ती दुखण्याच्या वागण्यावरून.

एक प्रश्न विचारा: "लोकलमध्ये तासभर बसून आलात तर जास्त दुखतं, की उभं राहून?" मुंबईतला पेशंट याचं उत्तर झटकन देतो.

बसून आणि वाकून वाढणारं दुखणं (बरेचदा मणक्यांमधल्या गादीचं) असेल तर सायकल नको. सीटवर बसून हँडलकडे झुकलं की तीच स्थिती सहा मिनिटं धरून ठेवल्यासारखं होतं. असे पेशंट चालताना मोकळे होतात. त्यांना ट्रेडमिल किंवा पॅसेज द्या. बाईंचं बसून काम आहे आणि कंबर सायकलवरच चढली, त्यामुळे अंदाज इकडेच जातो, तरी विचारून खात्री करा.

उलट, साठीच्या पुढचा पेशंट म्हणतो, "पाच मिनिटं चाललं की पाय जड होतात, ओणवं झालं की बरं वाटतं." मॉलमधली ट्रॉली ढकलत तो आरामात फिरतो, हात मोकळे सोडून चालता येत नाही. मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं हे लक्षण. त्याला चालवलंत तर तुम्ही नस दाबण्याची वेळ मोजाल, दमसास नाही. त्याला सायकल द्या, जमल्यास पाठ टेकायची सोय असलेली. मात्र सायकलवरही पोटरीत गोळा येत असेल आणि नुसतं उभं राहून तो जात असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांचा विचार करा. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपून बघा. मधुमेही आणि तंबाखू खाणाऱ्यांत तर नक्कीच.

सायकल द्यायचीच असेल तर पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा २५ ते ३० अंश वाकलेला हवा. सीट खाली राहिली की गुडघा वर येताना ओटीपोट मागे वळतं आणि कंबर गोल होते. फार उंच राहिली तर माणूस पेडल गाठायला डावी-उजवीकडे डुलतो आणि प्रत्येक फेरीला कंबर मुरगळते. मागून उभं राहून कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवा, डुलणं लगेच कळतं. हँडल उंच करून पाठ सरळ राहू द्या.

आणि हे सगळं लाल बावट्यांची, म्हणजे धोक्याच्या लक्षणांची, यादी तपासल्यावर. जांघेत बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, पायातली वाढती अशक्तता यांपैकी काहीही असेल तर टेस्ट नाही, त्याच दिवशी रुग्णालय. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी डोक्यात यायला हवा. श्रमाने छातीत दुखणं किंवा माहीत असलेला हृदयरोग असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञ आणि ईसीजीसकट स्ट्रेस टेस्ट. ती क्लिनिकमधल्या ट्रेडमिलवर करायची गोष्ट नाही. विश्रांतीत ठोके १२० च्या वर, किंवा बीपी १८०/१०० च्या वर असेल तर साधी सहा मिनिटांची चालही त्या दिवशी नको.

एक गोष्ट तळमळीने सांगतो. कंबरदुखी जुनी आहे म्हणजे दम गेलेलाच असणार, असं धरून चालू नका. यावरचे अभ्यास एकमुखी नाहीत. काहींत क्षमता कमी दिसते, काहींत वयाच्या मानाने ठीकच. "तुमचा स्टॅमिना संपलाय" हे वाक्य मोजल्याशिवाय पेशंटच्या कानावर घालू नका. घाबरलेला माणूस ते ऐकून अजून कमी हलतो.

---

ओपीडी_सकाळ

औषधांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून एवढंच.

बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, अर्धशिशीसाठीचं प्रोप्रॅनोलॉल) चालू असेल तर ठोके दाबलेले राहतात आणि सूत्र क्षमता फुगवून दाखवतं. तिथे ठोक्यांवरचा कुठलाही अंदाज बाद, बोर्गच्या आकड्यावर (श्रम किती वाटतात ते पेशंटनेच ६ ते २० मध्ये सांगायचं) चला. उलट, जुन्या दुखण्यासाठी रात्री दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलीन किंवा नॉर्ट्रिप्टिलीन ठोके वाढवतं, म्हणजे माणूस आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो. प्रेगॅबालिनने भोवळ येऊ शकते, ट्रेडमिलवर जवळ उभे राहा. दुखण्याची गोळी किती वाजता घेतली ते लिहा आणि पुढच्या टेस्टलाही तेवढंच अंतर ठेवा. गोळी बंद करायला स्वतःहून सांगू नका.

चहा, कॉफी, तंबाखू आणि जेवण आधी ३ तास नको. तंबाखू म्हटलं की बायका "नाही" म्हणतात. मशेरी वेगळी विचारा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी साखर तपासा आणि ग्लुकोज हाताशी ठेवा.

---

भांडुप_फिजिओ

मनापासून धन्यवाद. पट्ट्याची फेरी मोजली: पडद्यावर ४.०, खरा वेग ३.८. चढ लेव्हल ५ ला साडेतीन सेंटिमीटरच भरला. म्हणजे २६.८ सुद्धा गेला, टेस्ट पुन्हा घ्यावी लागेल.

बाईंना लोकलचा प्रश्न विचारला. बसून जास्त दुखतं, चालताना बरं. तेव्हा सायकल रद्द.

अजून तीन अडचणी. ट्रेडमिलवर त्या कठडा घट्ट धरून होत्या, सोडायला घाबरतात. बोर्ग विचारलं की "खूप त्रास होतोय" म्हणतात, आणि तो दमाचा की कमरेचा ते कळत नाही. आणि १२ मीटरच्या पॅसेजचा काही उपयोग होईल का? ट्रेडमिल नसलेल्या घरभेटींसाठी स्टेप टेस्ट चालेल का?

---

मेट्रोनोम

पॅसेज आणि स्टेपबद्दल मी लिहितो.

१२ मीटरमध्ये सहा मिनिटांची चाल करू नका. ३० मीटरच्या वाटेवर ४०० मीटर चालायला १३ वळणं पडतात, १० मीटरच्या वाटेवर तेच ३९. प्रत्येक वळणाला वेग मोडतो, अंतर कमी भरतं, आणि कंबरदुखीत कळ निघते ती नेमकी गर्रकन वळतानाच. पाय जागेवर रोवून धड फिरवायची सवय असेल तर पाहायलाच नको. असा आकडा ३० मीटरच्या कुठल्याही तक्त्याशी जुळणार नाही. शिवाय सहा मिनिटांची चाल ही चालण्याची कुवत सांगते. बऱ्यापैकी धडधाकट ४५ वर्षांच्या माणसाचा दमसास तिथे कसाला लागतच नाही, तो फक्त भराभर चालतो आणि वेळ संपते.

तुमच्या पॅसेजला शोभते ती शटल वॉक टेस्ट, कारण ती मुळातच १० मीटरची आहे. दोन कोन (खुणेचे शंकू) ९ मीटरवर ठेवा, दोन्ही बाजूंना वळायला अर्धा-अर्धा मीटर. भिंतीपर्यंत एकेक मीटर मोकळा उरतो. बीपच्या तालावर चालायचं. पहिल्या मिनिटाला वेग सेकंदाला ०.५ मीटर, पुढे दर मिनिटाला ०.१७ ने वाढतो, एकूण १२ टप्पे. लागोपाठ दोनदा बीपच्या वेळी कोनापासून अर्ध्या मीटरपेक्षा मागे राहिला की संपली. सुरुवात इतकी संथ असते की घाबरलेला पेशंटही चालू लागतो, आणि वेग बीप ठरवतो, त्यामुळे तुमच्या "चला, छान!" ने निकाल बदलत नाही. ही टेस्ट शेवटी जोर काढते, म्हणून वयावरून काढलेल्या अंदाजे कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांवर थांबवा. कोनाभोवती चार-पाच छोटी पावलं टाकत अर्धगोल घेऊन वळायचं, हे आधी दोनदा करून दाखवा. पॅसेजमधल्या चपला, कुंड्या आणि शेजाऱ्यांची सायकल आधी हलवा. फरशी पुसल्या पुसल्या टेस्ट नको. पावसाळ्यात दारातलं पायपुसणंही उचला.

स्टेप टेस्ट (तालावर पायरी चढ-उतार करून ठोके मोजायची): क्वीन्स कॉलेजची ४१.३ सेंटिमीटरची पायरी कंबरदुखीत विसरा. एवढ्या उंचीवर चढताना धड पुढे झुकतं आणि उतरताना मागच्या पायावर कंबर एका बाजूला खचते. घरभेटीला चेस्टर स्टेप टेस्ट बरी. पायरी १५ ते ३० सेंटिमीटर चालते, कंबरेसाठी २० घ्या. पहिली २ मिनिटं मिनिटाला १५ चढ-उतार, मग दर २ मिनिटांनी ५ ने वाढ, जास्तीत जास्त १० मिनिटं. एका चढ-उताराला चार पावलं, म्हणून मेट्रोनोम ६०, ८०, १००, १२०, १४०. कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांवर किंवा बोर्ग १४ ला थांबायचं. दर मिनिटाला पुढचा पाय बदला, नाहीतर सगळा भार एकाच बाजूला बसतो. घरातलं स्टूल वापरू नका, ते डगमगतं. २० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घ्या आणि खाली रबर लावा.

घरभेटीला हाताने नाडी मोजत असाल तर थांबल्यावर ५ सेकंदांच्या आत सुरू करा आणि १५ सेकंद मोजून चारने गुणा. एक ठोका चुकला की मिनिटाला चारची चूक होते, उशीर झाला तर त्याहून जास्त. बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर हात हलत असताना भलतेच आकडे देतं, चालू टेस्टमध्ये त्यावर विसंबू नका.

---

एल४_एल५

कठडा: धरून चाललं की शरीराचं वजन हातांवर जातं, ठोके कमी राहतात आणि सूत्र बाईंना आहे त्यापेक्षा तंदुरुस्त ठरवतं. यावर ओरडून उपाय नाही. टेस्टच्या आधी दुसऱ्या एखाद्या दिवशी १० मिनिटं नुसती ओळख करून द्या. ताशी २ किमीवर दोन्ही हात कठड्यावर, मग एक हात, मग दोन बोटं फक्त टेकवून, मग मोकळे. मोकळेपणाने झेपेल तोच वेग टेस्टला घ्या. दोन बोटं टेकल्याशिवाय जमतच नसेल तर तसंच करा, नोंद करा, आणि पुढच्या वेळीही तसंच.

"खूप त्रास होतोय" हे आपण ढोबळ विचारतो म्हणून मिळणारं उत्तर. दर मिनिटाला तीन वेगळे प्रश्न, याच क्रमाने: "दम किती? पाय किती? कंबर किती?" दम आणि पाय बोर्गच्या ६ ते २० वर, कंबर ० ते १० वर. मोजपट्ट्या मुद्दाम वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. मराठीत छापलेला तक्ता डोळ्यांच्या उंचीवर समोरच्या भिंतीला लावा. हातात धरलेला कागद वाचायला मान खाली गेली की चाल बिघडते. आणि टेस्टच्या आधी ओळखीचं उदाहरण द्या: "दादरचा पूल सामान घेऊन चढल्यावर धाप लागते ती दम, पोटऱ्या भरतात ते पाय, आणि पाठीत जे होतं ते कंबर."

दुखणं वाढलं म्हणून लगेच थांबवू नका. कमरेतच राहणारं आणि सुरुवातीपेक्षा २ ने वाढलेलं दुखणं चालू शकतं. थांबायचं कधी? कळ ढुंगणातून गुडघ्याखाली उतरायला लागली, नवा बधिरपणा आला, पाय लटका पडला तर. हे शेवटचं डोळ्याआधी कानाला कळतं. ट्रेडमिलवर दोन्ही पावलांचा आवाज सारखा यायला हवा. एक पाऊल 'फट्' असं आपटायला लागलं की घोटा वर उचलणारे स्नायू दमले, तिथेच थांबा आणि पायाची ताकद तपासा. छातीत दुखणं, भोवळ, थंड घाम, भार वाढताना वरचं बीपी १० ने उतरणं, ही कारणं नेहमीचीच. १०८ नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

कमरेचा पट्टा बांधून येणारे बरेच असतात. घट्ट पट्ट्याने श्वास आखडतो आणि हार्ट रेटचा पट्टा वर सरकून आकडे उड्या मारतात. शक्यतो काढून टेस्ट घ्या. २०२३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कंबरदुखीच्या मार्गदर्शनातही नेहमीच्या उपचारात असे पट्टे नकोत असंच म्हटलं आहे. काढायला तयार नसतील तर दोन्ही वेळा पट्ट्यासकट.

---

दमसास

तिसरा प्रश्न राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: आठ आठवड्यांनी सुधारणा दाखवायची कशी.

एबेलिंगचं सूत्र पुन्हा पाहा. ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी त्यातला ठोक्यांचा भाग वजा ०.३२७ अधिक ०.२२७, म्हणजे एका ठोक्याला जेमतेम ०.१. बाईंनी आठ आठवडे मनापासून व्यायाम केला, त्याच वेगाला आणि त्याच चढाला ठोके १३२ वरून १२२ वर आले, तर सूत्र २६.८ च्या जागी २७.८ दाखवेल. फरक एकाचा, आणि सूत्राची स्वतःची चूकच त्याच्या कितीतरी पट. म्हणजे कागदावर शून्य. प्रत्यक्षात त्याच भाराला १० ठोके कमी लागणं ही भरीव सुधारणा आहे. उलट वेग २.५ वरून ३ मैल केलात तर, ठोके तेवढेच असतील तरी, आकडा पाचने उडी मारतो. म्हणजे निकालावर ठोक्यांपेक्षा तुम्ही निवडलेल्या वेगाचा प्रभाव जास्त.

म्हणून व्हीओटू मॅक्सचा आकडा फाइलमध्ये राहू द्या, सुधारणा मात्र त्यावर मोजू नका. तीच ट्रेडमिल, तोच तपासलेला वेग, तोच चढ. आधी ४ मिनिटं सपाट, मग ४ मिनिटं ५ टक्के. शेवटच्या दोन मिनिटांच्या ठोक्यांत ५ पेक्षा जास्त फरक असेल तर अजून एक मिनिट. सपाट टप्प्यात ठोके अंदाजे कमाल ठोक्यांच्या ५० ते ७० टक्क्यांत यावेत, असा वेग पहिल्या दिवशी ठरवायचा. कमाल ठोके २०८ वजा ०.७ गुणिले वय, म्हणजे बाईंचे १७६, आणि हवी ती पट्टी ८८ ते १२३. दोन टेस्टची तुलना करायची ती चार आकड्यांची: ठोके, दम, पाय, कंबर. ठोके तेवढेच राहिले पण कंबर ५ वरून २ वर आली, तर हृदय तेच आहे आणि पाठीने चालणं मान्य केलंय. कंबर तेवढीच आणि ठोके १० ने कमी, तर दमसास वाढला, दुखणं तिथेच आहे. हे दोन वेगळे निकाल आहेत आणि त्यांची पुढची ट्रीटमेंटही वेगळी. एकाच आकड्यात ते बुडून जातात.

अर्धवट टेस्टचं उत्तर यातच आहे. ती फेकू नका, पण तिच्यातून क्षमतेचा आकडाही काढू नका. किती मिनिटं झाली, कुठल्या भाराला, आणि कशाने थांबली ते लिहा: दम, पाय, कंबर की भीती. ठोके ११० असताना "आता नको" म्हणणारा पेशंट हृदयाने थांबलेला नसतो.

मुंबईच्या हवेचं गणित वेगळं धरा. दमट हवेत घाम सुकत नाही, कातडी थंड करायला रक्त तिकडे वळतं आणि त्याच भाराला ठोके चढतात. मे महिन्यात पंख्याखाली पहिली टेस्ट आणि जुलैमध्ये एसी लावून दुसरी घेतलीत तर सुधारणा व्यायामाची की हवेची, हे सांगताच येणार नाही. दोन्ही वेळा खिडक्या बंद, एसी २४ वर, अर्धा तास आधी सुरू, आणि दिवसाची वेळ तीच. पेशंट स्टेशनवरून चालत येतो, जिने चढतो, त्याला आधी १५ मिनिटं बसवा. बसल्या जागी ठोके ओळखीच्या पातळीला आल्याशिवाय ट्रेडमिलवर चढवू नका.

व्यायाम लिहून देताना त्याच आकड्यांचा उपयोग करा. १७६ मधून विश्रांतीचे ७८ वजा केले की ९८ उरतात. त्याचे ४० ते ६० टक्के अधिक ७८, म्हणजे ११७ ते १३७ ठोके. बाईंना एवढंच सांगा: धाप लागेल पण वाक्य पूर्ण बोलता येईल असं चाला. पहिल्या आठवड्यात टेस्टमध्ये कंबर जिथे चढली त्या वेळेच्या थोडं अलीकडे थांबायचं, दुखलं म्हणून नाही, घड्याळ बघून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. टेस्टनंतर २४ तासांनी कंबर किती, रात्री झोप लागली का, कळ खाली उतरली का. बाईंच्या कार्डावर नोंद अशी दिसेल: "ताशी ४.० (तपासलेला), चढ ५ टक्के (तपासलेला), ४+४ मिनिटं पूर्ण, दोन बोटं टेकून, कमरेचा पट्टा नाही, गोळी नाही, एसी २४, सकाळी ११. ठोके, दम, पाय, कंबर दर मिनिटाला. थांबण्याचं कारण: वेळ पूर्ण. २४ तासांनी कंबर:" आणि पुढची जागा फोन होईपर्यंत रिकामी.